मटार, तीळ, लोकर आणि स्वेटरची बटणं: पहिली-दुसरीच्या बोटांसाठी हिवाळ्यातले उपक्रम

डिसेंबर लागला की पहिलीच्या वर्गात सकाळी काय दिसतं ते आठवा. मुलं येतात ती हात काखेत नाहीतर स्वेटरच्या बाहीत खुपसून, बोटं पार आखडलेली, आणि आपण पाच मिनिटांत फळ्यावर शब्द लिहून देतो आणि म्हणतो चला उतरवा. मग पेन्सिल मुठीत धरली जाते, टोक मोडतं, खोडरबराने वही फाटते आणि पोरगं रडवेलं होतं. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीचा जोडवर्ग घेते, आणि सुरुवातीला मीही हेच करायचे, वही पूर्ण झाली पाहिजे एवढंच डोक्यात. हळूहळू कळलं की या मुलांना अक्षर येत नाही असं नसतं, अक्षर डोक्यात असतं पण बोटात उतरत नाही, कारण बोटांत तेवढी ताकदच आलेली नसते.

यामागे शरीराचंही कारण आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चाच असते आणि एकेक करून ती हाडं बनत जातात, शेवटचं हाड तयार व्हायला नऊ-दहा-बारा असं वय उजाडतं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचं मनगट अजून घडतंय. आणि हात घडतो तो खांद्याकडून बोटांकडे, आधी खांदा पक्का, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. त्यामुळे दहा ओळी जास्त गिरवायला लावल्या म्हणून अक्षर सुधारत नाही. बोटांना दुसरं काम द्यावं लागतं, चिमटीचं, दाबायचं, ओवायचं, वळायचं, आणि असं काम आपल्याकडे हिवाळ्यात जितकं मिळतं तितकं वर्षभरात कधीच मिळत नाही.

नेटवर हिवाळ्याच्या ॲक्टिव्हिटी शोधल्या की बहुतेक सगळं कापसाचा स्नोमॅन, बर्फाचे स्फटिक, पेंग्विन असंच येतं. जिथे बर्फ पडतो तिथल्या मुलांना ते छानच आहे, पण आमच्या मुलांचा हिवाळा म्हणजे मटार, ओला हरभरा, बोरं, तिळगुळ, गोधडी, पतंग आणि शेकोटी. हे सगळं मुलांच्या घरात आहे, हाताशी आहे आणि जवळपास फुकट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शंख-शिंपले अशा आजूबाजूच्याच वस्तूंवर मुलांना शिकवलं. तोच रस्ता आहे, आपण फक्त त्यात आपल्या ऋतूचा माल भरायचा.

खाली जे लिहितेय ते मी वर्गात करून बघितलेलं आहे, पस्तीसएक मुलांच्या वर्गात, जमिनीवर बसून.

आधी हात गरम करा

हे रोज, परिपाठानंतर लगेच, तीन-चार मिनिटं. गार हातांनी कुठलंही बारीक काम जमत नाही, मोठ्यांनाही नाही. मुलांना सांगायचं की आपण बोटांची शेकोटी पेटवतोय. दोन्ही तळहात जोरात घासायचे, दहापर्यंत मोजत, आणि गालाला लावायचे. मग मुठी घट्ट मिटायच्या आणि फाडकन उघडायच्या, म्हणजे जाळ भडकला. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकवायचा, आधी हळू, मग भरभर, आधी उजव्या हाताचा, मग डाव्या, मग दोन्ही एकदम. करंगळीपाशी बऱ्याच मुलांचं अडतं, अंगठा पोचत नाही किंवा सगळी बोटं एकत्र वाकतात. ती मुलं मनात टिपून ठेवायची, पुढच्या सगळ्या कामांत त्यांच्याजवळ जास्त बसायचं आहे.

शेवटी भिंतीला तळहात टेकवून भिंत ढकलायची, वीसपर्यंत मोजत. याने खांदे आणि मनगटं जागी होतात. खेळ वाटतो पण लिखाणासाठी हे फार कामाचं आहे. निफाडकडे किंवा विदर्भात जिथे सकाळी कडाक्याची थंडी असते तिथे हे वर्गाबाहेर कोवळ्या उन्हात करा, आणि लिखाणाचा तासच सरळ दुपारकडे ढकला. शनिवारच्या सकाळच्या शाळेत तर मी वही काढायलाच लावत नाही.

शेंगा सोलणं, माझा सगळ्यात आवडता उपक्रम

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण एवढ्या साध्या गोष्टीत एवढं काम कुठेच होत नाही.

डिसेंबरात मटार स्वस्त व्हायला लागतो. पोषण आहाराच्या खिचडीत घालायला जो मटार येणार असतो तोच आधी वर्गात आणायचा, स्वयंपाकाच्या ताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की उद्या शेंगा आम्ही सोलून देतो. त्यांचंही काम हलकं होतं आणि मुलांना कळतं की आपण सोललेलं खरंच खायला जातंय. हे महत्त्वाचं आहे, कारण मुलाला कामाला काही अर्थ आहे असं वाटलं की ते अर्धा अर्धा तास बसतं, आणि नुसता सराव म्हटलं की दोन मिनिटांत उठतं.

आधी सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे, नखं बघायची, शेंगा पाण्यातून काढून फडक्यावर पसरायच्या. चार-पाच मुलांमध्ये एक ताट, दाण्यांसाठी एक वाटी, टरफलांसाठी एक टोपली. प्रत्येकाला आठ ते दहाच शेंगा, जास्त नको.

आता शेंग कशी सोलायची हे एकदा हळूच करून दाखवा, न बोलता, मुलं हाताकडेच बघतील असं. शेंग डाव्या हाताच्या बोटांत आडवी धरायची. उजव्या अंगठ्याचं टोक शेंगेच्या टोकाजवळच्या शिवणीवर ठेवून दाबायचं, टप् असा आवाज येतो आणि तिथे छोटीशी फट पडते. त्या फटीत अंगठा घालून शिवणीवरून देठाकडे सरकवत न्यायचा, शेंग पुस्तकासारखी उघडते. मग अंगठ्याच्याच कडेने दाणे एकेक करत वाटीत ढकलायचे. या एवढ्याशा कामात बघा, एक हात धरतोय आणि दुसरा काम करतोय, अंगठा एकटा चालतोय, बाकी बोटं स्थिर आहेत, आणि किती जोर लावायचा हे बोटालाच ठरवावं लागतंय कारण जास्त दाबलं तर दाणा चेचतो. पेन्सिल धरताना नेमकं हेच सगळं लागतं.

पहिल्या दिवशी काही मुलं शेंग दाताने उघडतील, काही दोन्ही हातांनी पिळतील. अडवू नका, फक्त शेजारी बसून तुम्ही सोलत राहा. माझ्या वर्गातला एक मुलगा होता, पेन्सिल कायम मुठीत, अक्षर काढायला सांगितलं की हात मागे. त्याने पहिल्या दिवशी दोन शेंगा कशाबशा उघडल्या, तिसरी टप् वाजली तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मग एकही शब्द न बोलता सगळ्या दहा संपवल्या आणि शेजारणीच्या दोन मागून घेतल्या. त्या दिवशी मला त्याच्या हाताविषयी जेवढं कळलं तेवढं सहा महिन्यांच्या वहीतून कळलं नव्हतं.

मटार जमला की पुढे चढ वाढवायचा. तुरीच्या ओल्या शेंगा थोड्या चिवट असतात, पावट्याच्या आणखी. आणि सगळ्यात अवघड ओल्या हरभऱ्याचे घाटे, कारण ते एवढेसे फुगीर, आत एक नाहीतर दोन दाणे, त्यात अंगठा घालायला जागाच नाही, चिमटीत धरून बोटांच्या टोकांनीच फोडावे लागतात. एक काळजी मात्र घ्या, हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर आंबट आंब असते, थंडीने भेगा पडलेल्या बोटांना ती चांगलीच झोंबते. डहाळे आधी भरपूर पाण्यातून दोन वेळा काढा, आणि ज्यांचे हात फुटलेत त्यांना त्या दिवशी मटारच द्या. आणि हात फुटलेल्या मुलांसाठी खोबरेल तेलाची छोटी बाटली वर्गात ठेवाच, सगळ्यांनी एकमेकांच्या हाताला तेल चोळायचं, हाही बोटांचाच व्यायाम आहे आणि मुलं त्याने इतकी खूश होतात.

सोलता सोलता गणितही करून घ्या. प्रत्येक शेंगेत किती दाणे निघाले ते पाटीवर एकेक रेघ मारून मांडायचं, सगळ्यात जास्त दाण्यांची शेंग कुणाची, दहा दाण्यांचे ढीग किती. दुसरीची मुलं बेरीज करतील, पहिलीची मोजतील.

चिमूट चिमूट तीळ

आपल्या भाषेतच चिमूट हा शब्द आहे, म्हणजे अंगठा आणि तर्जनी मिळून जेवढं धरता येतं तेवढं माप. मुलांना हा शब्द हातानेच शिकवा. एका ताटलीत पांढरे तीळ, काळे तीळ आणि थोडे शेंगदाणे मिसळून द्यायचे, तीन वाट्या समोर, आणि निवडायला सांगायचं. शेंगदाणे पटकन निघतात, तिळाला वेळ लागतो. एका मुलाला एक चमचाभरच द्या, त्यातच दहा मिनिटं जातात.

यातून पुढे अक्षर भरायचं. जुन्या पुठ्ठ्यावर मोठ्ठा त काढून द्या, हातभर मोठा. मुलाने बोटाने त्या रेघेवर डिंक किंवा फेविकॉल फिरवायचा, अक्षर जसं लिहितात त्याच दिशेने, हे आवर्जून सांगा कारण नाहीतर मुलं कुठूनही सुरू करतात आणि चुकीचं वळण बसतं. मग चिमटीत तीळ घेऊन त्या ओल्या रेघेवर सोडायचे. एकदम मूठभर टाकणारी मुलं असतात, त्यांना सांगायचं की पाऊस पाडायचा नाही, रांगोळी घालायची आहे. रांगोळी घालणं घरात बघितलेलं असतं त्यामुळे हाताला लगेच कळतं.

यात मला एक गोष्ट नेहमी टोचते ती म्हणजे खायचं धान्य चिकटवून वाया घालवणं. ज्यांच्या घरी तीळ विकत आणताना विचार करावा लागतो अशी मुलं आपल्या वर्गात आहेत. म्हणून मी चिकटवायला किडलेलं, चाळणीखालचं धान्य वापरते, ज्वारीची कणी, फुटका तांदूळ, किराणा दुकानदार सांगितलं तर झाडलोट काढून ठेवतो. चांगले तीळ फक्त निवडायला, आणि निवडलेले परत डब्यात लाडवासाठी.

जुन्या कॅलेंडरचे मणी

संक्रांतीला हलव्याचे दागिने असतात, मुलांनी ते लहान भावंडाच्या बोरन्हाणात बघितलेले असतात. खरा काटेरी हलवा ओवणं या वयाला अवघड आहे, महागही पडतं आणि मुंग्या लागतात. त्याऐवजी कागदाचे मणी करा, आणि त्यासाठी कागद शोधावा लागत नाही कारण वर्ष संपत आलेलं असतं, घराघरात जुनं कॅलेंडर उतरणार असतं, मुलांना पानं आणायला सांगा.

दुसरीसाठी: पट्टीने आखून लांब त्रिकोण काढायचे, पाया २ सेंटीमीटर आणि लांबी २० सेंटीमीटर, आणि मुलांनी स्वतः कात्रीने कापायचे. पहिलीसाठी: सरळ पट्ट्या, दीड सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब, निम्म्या तुम्ही कापून द्या, निम्म्यांवर ठळक रेघ मारून त्यांना कापू द्या. खराट्याची काडी घ्यायची, पट्टीची रुंद बाजू काडीवर ठेवून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीने गुंडाळत जायचं, शेवटची दोन बोटं जागा राहिली की डिंक लावायचा आणि गुंडाळी पूर्ण करून दहापर्यंत मोजत दाबून धरायचं. मग काडी हळूच ओढून काढायची. सगळ्या पट्टीला डिंक लावला की मणी काडीलाच चिकटून बसतो, हे प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलांचं होणारच, तेव्हा पहिला मणी सगळ्यांनी डिंकाशिवाय करून बघायचा.

सुरुवातीची गुंडाळी सैल येते, वाकडी येते, मणी लांबच लांब होतो. येऊ दे. रोज तीन मणी, आठवड्याचे पंधरा, तेवढ्यात एक माळ होते आणि पंधराव्या मण्यापर्यंत बोटं इतकी सुधारलेली असतात की मुलं स्वतःच पहिला मणी काढून टाकायचा म्हणतात. मी काढू देत नाही, पहिला मणी माळेत मध्यभागी.

ओवायला लोकर घ्या, तिचं टोक फेविकॉलमध्ये बुडवून रात्रभर वाळवलं की ते सुईसारखं कडक होतं, सुईची गरज पडत नाही. दुसऱ्या टोकाला एक मणी बांधून ठेवा नाहीतर सगळी माळ खाली ओघळते आणि मग रडारड. पांढऱ्या कागदाच्या मण्यांची माळ काळ्या कागदाच्या पट्टीवर शिवली की अगदी हलव्याच्या मुकुटासारखी दिसते. आम्ही त्या माळा शेजारच्या अंगणवाडीतल्या चिमुकल्यांना घालतो, संक्रांतीनंतर तिथे बोरन्हाण असतं, पहिलीची मुलं जेव्हा आपल्या हाताने केलेली माळ छोट्याच्या गळ्यात घालतात ना, त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मोठेपण बघायला मला दरवर्षी आवडतं.

गोधडीचा धावदोरा

शिवणकाम पहिलीला जमेल का असं खूप जण विचारतात. जमतं. फक्त कापड आणि सुई बरोबर पाहिजे. गोणपाटाचा साधारण वीतभर चौकोनी तुकडा घ्या, त्याची वीण उघडी असते त्यामुळे सुई कुठूनही जाते. कडा उसवू नयेत म्हणून चारी बाजूंना फेविकॉलचं बोट फिरवून वाळवा. सुई लोकरीची, जाड, बोथट टोकाची, प्लास्टिकची मिळाली तर उत्तम. दाभण अजिबात द्यायचं नाही. लोकर हातभरच, जास्त लांब घेतली की गुंता होतो, आणि टोकं सुईच्या नाकात गाठ मारून अडकवून ठेवा म्हणजे निसटत नाही.

गोणपाटावर खडूने एक सरळ रेघ. वरून खाली, खालून वर, एवढंच. गोधडीचा टाका तोच, धावदोरा. मुलांची ठरलेली चूक म्हणजे खाली गेलेली सुई कडेवरून फिरवून पुन्हा वरूनच घालतात, मग दोरा कडेला वेढा घेतो. त्यासाठी म्हणायला लावायचं, "सुई विहिरीत गेली, सुई विहिरीतून आली", आणि आली की तिथेच ओढायची. हे तोंडाने म्हणत केलं की चूक निम्म्याने कमी होते.

एक करा, गावातल्या एखाद्या आजीला बोलवा जी गोधडी शिवते. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, नऊवारी सावरत मुलांच्या मध्ये खाली बसल्या, चष्मासुद्धा काढून ठेवला. एका मुलीला टाका जमत नव्हता तर त्यांनी तिचा हात हातात घेतला नाही, स्वतःच्या मांडीवरची अर्धी शिवलेली गोधडी तिच्या मांडीवर अर्धी पसरली आणि म्हणाल्या, तू तिकडून ये, मी इकडून येते. दोघी शिवत राहिल्या. त्या मुलीचे टाके कुठे बोटभर कुठे नखभर, पण आजींनी ते उसवले नाहीत, तसेच ठेवले. मी शिक्षिका असून मला हे सुचलं नव्हतं, तेव्हापासून मी मुलांचा हात धरून गिरवून घेणं जवळपास बंदच केलंय.

स्वेटरची बटणं तुम्ही लावू नका

हा उपक्रम म्हणून कुणी मोजत नाही पण माझ्या मते हाच पहिल्या नंबरचा आहे, कारण साधन मुलाच्या अंगावरच आहे आणि रोज दोनदा वापरायचं आहे. घरून आई घाईघाईत बटणं लावून पाठवते, शाळेत ऊन चढलं की आपण काढून देतो, सुटताना पुन्हा आपणच लावतो, आणि मुलाची बोटं नुसती लोंबत राहतात. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

शिकवायचं असं. आधी काढणं, मग लावणं, कारण काढणं सोपं. लावताना खालून सुरुवात, कारण तिथे मुलाला दिसतं, गळ्याजवळचं बटण दिसतच नाही ते शेवटी. एका हाताने बटणाची कड धरून ती काजात अर्धी घुसवायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीने पलीकडून ती पकडून ओढायची, आणि त्याच वेळी पहिल्या हाताने कापड मागे खेचायचं. ही अदलाबदल अवघड आहे, म्हणून आधी टेबलावर पसरलेल्या मोठ्या माणसाच्या जुन्या स्वेटरवर, मोठ्या बटणांवर सराव द्या. झिपवाल्या जर्किनला झिपच्या ओढणीत लोकरीचा छोटा गोंडा बांधून द्या, धरायला सोपं जातं. आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाका की सकाळी पाच मिनिटं आधी उठवा पण बटणं त्यालाच लावू द्या. बहुतेक आया ऐकतात. मोजे, कानटोपीची नाडी, बुटाची लेस, सगळं त्यातच आलं.

याच्या जोडीला वर्गात एक सुतळी बांधून ठेवा आणि कागदाचे छोटे स्वेटर, मोजे, टोप्या कापून कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घालायला द्या. चिमटा अंगठा आणि दोन बोटांनीच दाबायचा, मुठीने नाही. रोजची हजेरीसुद्धा अशीच घेता येते, आल्यावर आपल्या नावाची टोपी दोरीवर लावायची.

पतंग

मोठा पतंग या वयाला जमत नाही. १५ सेंटीमीटरचा चौकोनी कागद, वर्तमानपत्राचा चालेल, दोन खराट्याच्या काड्या, एक सरळ आणि एक धनुष्यासारखी वाकवून, कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी चिकटवायची. काडी वाकवताना ती मोडू न देता धरून ठेवणं, हीच खरी मेहनत. शेपटीला कागदाचे तुकडे पिळून पिळून बांधायचे, दुसरीच्या मुलांना गाठ मारायला शिकवायची हीच संधी. दोरा घरातला साधा शिलाईचा, आणि तो धरून मैदानात पळायचं. नायलॉन मांजाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी गावात मिळतो, पक्षी कापले जातात, माणसांचे गळे कापले जातात. या वयातच मुलांशी हे बोला आणि घरून आणलेला मांजा वर्गात आला तर तिथेच काढून घ्या.

तिळाचे लाडू, पण पाक न करता

गरम पाकाजवळ मुलं नकोत. आपण कुटाचे लाडू करायचे. भाजलेले तीळ २ वाट्या, भाजलेले शेंगदाणे १ वाटी, किसलेला साधा मऊ गूळ दीड वाटी, चिकीचा गूळ नको. भाजून तुम्ही घरून आणा. दाण्यांची सालं काढणं मुलांचं काम, चिमटीत धरून चोळायचे आणि सुपात घेऊन फुंकर मारायची. गूळ किसून ठेवा, किसणी मुलांच्या हातात नको. खलबत्त्यात थोडं थोडं कुटायचं, पाळीपाळीने प्रत्येकी दहा ठोके, याने मनगट आणि कोपर चालतं. सगळं एकत्र केलं की हाताने मळायचं, तिळाचं आणि दाण्याचं तेल सुटतं आणि मिश्रण वळायला येतं. सुपारीएवढे लाडू वळले तर तीस-पस्तीस होतात. मिश्रण भुगाभुगा राहिलं तर अर्धा चमचा तूप.

वळताना दोन तळहातांत गोल फिरवणं सगळ्यांना येतं, आपल्याला पुढची पायरी पाहिजे, एका हाताच्या तीन बोटांतच लाडू फिरवून गोल करायचा. आधी हे चिकणमातीवर करून घ्या, मातीचे तिळगुळ आणि मातीची सुगडं, अंगठा गोळ्यात खुपसून कडा चिमटीने पातळ करत जायच्या. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, खरे लाडू. आणि हो, तीळ किंवा शेंगदाण्याने कुणाला त्रास होतो का, अंगावर पुरळ, घशाला सूज, हे आधी प्रत्येक पालकाला विचारल्याशिवाय करायचं नाही.

वर्गात कसं बसवायचं

रोज वीस मिनिटं पुरे. मुलांचे चार गट, चार कोपऱ्यांत चार कामं, आणि दर दिवशी गट पुढे सरकतो. तुम्ही ज्या कोपऱ्यात कात्री किंवा सुई आहे तिथेच बसायचं, बाकीचे तीन असे निवडा की मुलं एकटी करू शकतील. जोडवर्गात प्रत्येक गटात दोन दुसरीची मुलं ठेवली की ती पहिलीच्यांना दाखवतात आणि त्यांचाही हात पक्का होतो.

डावखुऱ्या मुलाला हात बदलायला लावू नका, कुठल्याही कामात. त्याला गटात डाव्या टोकाला बसवा म्हणजे कोपर लागत नाही, आणि नेहमीच्या कात्रीने कापता आलं नाही तर दोष कात्रीचा असतो, डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, एक तरी आणून ठेवा.

मूल हात झटकतंय, हात बदलतंय, जीभ बाहेर काढून सगळा खांदा उचलून काम करतंय, म्हणजे ते थकलंय. तिथेच थांबवा. आणि लिहायला देताना लांब पेन्सिलीऐवजी अंगठ्याच्या पेराएवढा खडूचा तुकडा द्या, तो मुठीत मावतच नाही, आपोआप तीन बोटांत येतो.

सुरक्षिततेचं एक कळकळीने सांगते. एका वर्षी हरभरे सोलताना एका मुलीने दाणा नाकात घातला आणि घाबरून सांगितलंच नाही, जेवणाच्या सुट्टीत शिंका आणि रडणं सुरू झालं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी काढला, सगळं ठीक झालं, पण माझे हातपाय गळाले होते. दाणा ओलसरपणाने नाकात फुगतो, त्यामुळे वेळ घालवायचा नाही आणि आपण पिन, काडी, बोट घालून काढायला जायचं नाही, दाणा आत सरकतो. मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगून सरळ दवाखाना. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी मी सांगते की चुकून नाकात-कानात गेलं तर मी ओरडणार नाही, लगेच येऊन सांगायचं. मणी आणि सुया मोजून देते, मोजून परत घेते. दाणे तोंडात टाकून पळणं बंद, खायचं तर खाली बसून. अंगणवाडीतली छोटी मुलं वर्गात येणार असतील त्या दिवशी दाण्यांची कामं ठेवूच नका.

शेवटी नोंदीचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एका कागदावर एक वर्तुळ, एक नागमोडी रेघ आणि स्वतःचं नाव काढून घ्या, मागे तारीख टाका. हेच सगळं जानेवारीच्या शेवटी नव्या कागदावर पुन्हा, पहिला न दाखवता. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा आया शाळेत येतातच, त्या दिवशी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा आणि बाजूला एक ताट मटार ठेवा, आई आणि मूल मिळून सोलू दे.